‘आता मला सोडवा’ असे रुग्ण म्हणतो तेव्हा

गेल्या अंकातल्या एका उत्तरात सहाय्यित मृत्यूचा उल्लेख ओझरता येऊन गेला आणि त्यानंतर आलेली बहुतेक पत्रे त्याच विषयाची निघाली. त्यांतली काही निवडून या वेळचा सगळा स्तंभ त्यांनाच दिला आहे. पत्रांमध्ये ‘इच्छामरण’ हा एकच शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरलेला दिसतो, म्हणून आरंभीच एवढे स्पष्ट करतो: ज्याचा उपयोग उरलेला नाही असा उपचार थांबवणे किंवा सुरूच न करणे ही एक गोष्ट, डॉक्टरांनी लिहून दिलेले प्राणघातक औषध रुग्णाने स्वतःच्या हाताने घेणे ही दुसरी, आणि रुग्णाच्या मागणीवरून डॉक्टरांनी ते स्वतः टोचणे ही तिसरी. मी ‘सहाय्यित मृत्यू’ म्हणतो तेव्हा दुसरी आणि तिसरी अभिप्रेत आहे. बरे न होणाऱ्या रुग्णांची शुश्रूषा हेच डॉक्टर म्हणून माझे काम आहे, आणि या प्रश्नावर मी तटस्थ नाही, हेही आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न: माझ्या वडिलांना स्वादुपिंडाचा कर्करोग आहे आणि तो यकृतात पसरला आहे. गेले तीन आठवडे ते रोज रात्री मला जवळ बोलावतात आणि ‘आता मला सोडव’ म्हणतात. मला काही बोलता येत नाही. त्यांचा हात धरून बसते आणि मग दुसऱ्या खोलीत जाऊन रडते. कधी कधी मनात येते की खरेच सुटले तर बरे, आणि लगेच स्वतःची घृणा वाटते. मी त्यांना काय उत्तर देऊ?

उत्तर: ज्या माणसावर आपला जीव आहे त्याचे हाल आता थांबावेत असे वाटणे हा मायेचाच भाग आहे, आणि ती इच्छा त्याच्या मृत्यूच्या रूपाने मनात आली म्हणून तुम्ही अपराधी ठरत नाही. आजाऱ्याजवळ रात्रंदिवस बसणाऱ्या कितीतरी लोकांच्या मनात हा विचार येऊन जातो. मला तो सांगितला जातो तो बहुधा खोलीबाहेर, जिन्यात, आवाज उतरवून.

तुमच्या पत्रातले ‘रोज रात्री’ हे दोन शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. स्वादुपिंडाच्या कर्करोगाची कळ पोटातून पाठीपर्यंत जाते, उताणे झोपल्यावर वाढते आणि पुढे झुकून बसल्यावर थोडी उतरते. त्यामुळे दिवसा कसाबसा तग धरणारा रुग्ण रात्री आडवा झाला की हतबल होतो. वडील दिवसा पोटाशी उशी धरून पुढे वाकून बसतात का, ते पाहा. तसे असेल तर त्यांच्या ‘सोडव’मध्ये वेदनेचा वाटा मोठा आहे आणि त्यावर इलाज आहे. रात्रीच्या वेदनेसाठी मॉर्फिनची मात्रा वेगळी बसवता येते, आणि पोटामागच्या मज्जातंतूंचे जाळे बधिर करणारे इंजेक्शन नेमक्या याच वेदनेसाठी दिले जाते. उपशामक शुश्रूषा, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्याचा त्रास कमी करणारे उपचार, जाणणाऱ्या डॉक्टरांना ‘रात्री काय होते’ एवढे एकच तपशीलवार सांगा.

मात्र वेदना हा एकमेव धागा असेल असे समजू नका. माझा एक वृद्ध रुग्ण तीन दिवस सलग मला हेच म्हणत होता. औषधे बदलली, कळ उतरली, तरी मागणी कायम राहिली. चौथ्या दिवशी मी त्यांना विचारले की चोवीस तासांतली सर्वांत नकोशी वेळ कोणती. त्यांनी आधी दाराकडे पाहिले, कोणी नाही याची खात्री करून घेतली आणि मग म्हणाले, ‘पहाटे दोनची. लघवीसाठी मुलाला उठवावे लागते.’ मुलाला सकाळी कामावर जायचे असे, म्हणून हे गृहस्थ दोन-दोन, तीन-तीन तास कळ काढत पडून राहत, आणि त्या अंधारातल्या तासांत त्यांनी मरणाचा निश्चय केला होता. लघवीची नळी बसवली, रात्रीपुरती एक परिचारिका आली. त्यानंतर ते बारा दिवस जगले आणि त्या बारा दिवसांत तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांचे शुश्रूषागृह) सुरू करणाऱ्या सिसिली साँडर्स यांनी याला ‘समग्र वेदना’ म्हटले होते. शरीराची वेदना, मनाची, नात्यांची आणि जगण्याच्या अर्थाची वेदना एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात की एकीवर औषध देऊन भागत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. कॅनडातल्या विनिपेग येथे हार्वे चोचिनॉव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अखेरच्या टप्प्यातल्या कर्करोगग्रस्तांची जगण्याची इच्छा दिवसातून दोनदा मोजली होती. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ती इच्छा बारा-बारा तासांतही बरीच वरखाली होताना दिसली, आणि तिच्यावर परिणाम करणाऱ्या गोष्टींत नैराश्य, चिंता आणि धाप यांचा समावेश होता. रात्री अकराला मागितलेली सुटका सकाळी दहालाही तशीच मागितली जाते का, हे त्यामुळेच पाहावे लागते.

तेव्हा आज रात्री ‘असे बोलू नका’ म्हणू नका, कारण त्याने ते बोलणे फक्त थांबेल. ‘बाबा, कशातून सोडवू?’ असे विचारा आणि मग ते बोलेपर्यंत गप्प बसा. कदाचित पुष्कळ वेळ बसावे लागेल.

प्रश्न: मी तर्कशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक आहे. व्हेंटिलेटर काढला की रुग्ण मरणार हे डॉक्टरांना ठाऊक असते, इंजेक्शन दिले की मरणार हेही ठाऊक असते. दोन्हीकडे परिणाम एक, हेतू करुणेचा. मग पहिले नैतिक आणि दुसरे अनैतिक हा भेद म्हणजे केवळ आपल्या मनाची समजूत नव्हे काय?

उत्तर: हा आक्षेप जेम्स रेचल्स या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९७५ साली एका वैद्यकीय नियतकालिकात सर्वांत धारदारपणे मांडला होता. त्याचे उदाहरण तुम्हाला ठाऊक असेल, इतर वाचकांसाठी थोडक्यात देतो. वारसाहक्काच्या लोभाने एक जण आपल्या सहा वर्षांच्या चुलतभावाला न्हाणीत बुडवून मारतो. दुसरा त्याच बेताने न्हाणीत शिरतो, पण मूल स्वतःच घसरून पाण्यात पालथे पडते आणि हा नुसता पाहत उभा राहतो. दुसरा ‘मी काहीच केले नाही’ म्हणाला तर त्याचे पाप कमी होते का? होत नाही. तेव्हा ‘करणे’ आणि ‘होऊ देणे’ एवढाच निखळ फरक नैतिक भार पेलू शकत नाही, हे रेचल्सचे म्हणणे मला मान्य आहे.

पण रुग्णशय्येपाशी या दोन कृतींत आणखी काही वेगळे असते, आणि ते न्हाणीच्या उदाहरणात येत नाही. कॅरन ॲन क्विन्लन या तरुणीचा व्हेंटिलेटर काढण्याची मुभा न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली दिली. तो काढल्यावर ती मरेल असे सर्वांना वाटले होते. ती आपल्या आपण श्वास घेत राहिली आणि १९८५ पर्यंत जगली. त्या नऊ वर्षांत आपली कृती फसली असे कोणालाही म्हणावे लागले नाही, कारण नको असलेले यंत्र दूर करणे एवढेच ठरले होते आणि ते झाले होते. प्राणघातक इंजेक्शननंतर रुग्ण जगला तर मात्र ती कृती फसलीच, कारण मृत्यू हेच तिचे उद्दिष्ट होते. हेतूतला हा फरक मनाची समजूत नाही. शिवाय आपल्या शरीरात काय घालू द्यावे हे नाकारण्याचा अधिकार आणि दुसऱ्याने आपल्यासाठी काही करावे अशी मागणी करण्याचा अधिकार हे मुळात वेगळे आहेत, आणि पहिला कितीतरी बळकट आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने याच भेदावर रेघ ओढली आहे. १९७३ मधल्या हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्यासंबंधीची याचिका २०११ साली न्यायालयाने फेटाळली, कारण त्यांची इतकी वर्षे सेवा करणाऱ्या परिचारिका आणि डॉक्टर त्यांना जगवू इच्छित होते. पण त्याच निकालात उपचार थांबवण्याला काही अटींवर तत्त्वतः मान्यता मिळाली, आणि ९ मार्च २०१८ च्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क व आगाऊ लिहून ठेवलेले वैद्यकीय इच्छापत्र यांना घटनात्मक आधार दिला. प्राणघातक औषध देणे मात्र निषिद्धच राहिले.

इथवर मी पारंपरिक बाजूने बोललो. आता जिथे ती बाजू मला अपुरी पडते, ते सांगतो. दोन शेजारच्या खाटांची कल्पना करा. एकीवरचा रुग्ण श्वासासाठी यंत्रावर अवलंबून आहे. शुद्धीत राहून तो यंत्र काढायला सांगू शकतो, त्याला गुंगीचे औषध देऊन ते काढले जाते आणि त्याच दिवशी तो शांतपणे जातो. दुसरीवर हाडांत पसरलेल्या कर्करोगाचा रुग्ण आहे. त्याचा आजार तितकाच असाध्य, निश्चय तितकाच स्पष्ट, हाल कदाचित अधिक, पण त्याच्या शरीरावर काढण्याजोगे काही लावलेलेच नाही. पहिल्याला सुटका मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही, ते यंत्राच्या योगायोगामुळे. हेतूतला फरक खरा असूनही त्या दुसऱ्या माणसाला तो समजावून सांगताना माझा आवाज पडतो. दोन कृतींत भेद आहे हे सिद्ध झाल्याने दुसरी कृती सर्वदा अनैतिक आहे हे सिद्ध होत नाही, आणि बहुतेक वाद नेमक्या याच ठिकाणी घसरतात.

प्रश्न: मॉर्फिन सुरू केले म्हणजे डॉक्टरांनी आशा सोडली आणि हळूहळू मारायला सुरुवात केली, असे आमच्या घरातले म्हणतात. हे खरे आहे का?

उत्तर: नाही. वेदनेच्या मानाने थोड्या थोड्या मात्रेने वाढवलेले मॉर्फिन आयुष्य कमी करत नाही, आणि या गैरसमजापायी अनेक रुग्ण विनाकारण तळमळत जातात. बॉस्टनमधल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात सुरुवातीपासूनच उपशामक शुश्रूषा मिळालेल्या गटाचे मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) ११.६ महिने भरले आणि दुसऱ्या गटाचे ८.९ महिने. मॉर्फिनमुळे बद्धकोष्ठ मात्र हमखास होते, त्याचे औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या.

प्रश्न: मला मोटर न्यूरॉनचा आजार आहे. हे पत्र मी बोलून लिहवून घेत आहे, कारण दोन्ही हात गेले आहेत. वाचा जायला लागली आहे. बुद्धी शाबूत आहे आणि मी उदास नाही, डॉक्टरांनी तपासून तसे सांगितले आहे. गुदमरून मरण्याआधी मला माझ्या मनाने जायचे आहे. जीव माझा आहे. तो कसा संपावा हे ठरवण्याचा अधिकार इतरांनी माझ्याकडून कोणत्या नात्याने काढून घेतला?

उत्तर: तुमचे पत्र मी तीनदा वाचले. हाच प्रश्न ब्रिटनमधल्या डायान प्रिटी यांनी तुमच्याच आजारात न्यायालयापुढे ठेवला होता. पतीने आपल्याला मरण्यास मदत केली तर त्याच्यावर खटला भरला जाऊ नये, एवढीच त्यांची मागणी होती. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २९ एप्रिल २००२ रोजी ती नाकारली आणि पुढच्याच महिन्यात, ज्या श्वासाच्या त्रासाची त्यांना धास्ती होती तो सुरू होऊन, त्या एका हॉस्पिसमध्ये वारल्या.

अधिकाराच्या प्रश्नाआधी गुदमरण्याबद्दल बोलतो, कारण त्या भीतीतला काही भाग मला हलका करता येईल. या आजारात बहुसंख्य रुग्णांचा शेवट गुदमरून होत नाही. श्वासाचे स्नायू थकतात, रक्तातला कार्बन डायऑक्साइड हळूहळू वाढतो, गुंगी वाढत जाते आणि मृत्यू बहुधा झोपेतच येतो. धाप लागली तर मुखवट्याद्वारे श्वासाला आधार देणारे यंत्र आहे, मॉर्फिनच्या लहान मात्रा आहेत, आणि शेवटी काहीच पुरले नाही तर गाढ गुंगीत ठेवता येते. तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा की श्वास अडखळला तर पहिल्या पाच मिनिटांत कोण काय करणार आहे आणि ते औषध घरात कुठे ठेवले आहे. वाचा आहे तोवर आपले वैद्यकीय इच्छापत्रही करून घ्या. श्वासनलिकेत नळी घालायची की नाही, अन्नासाठी पोटात नळी बसवायची की नाही, बसवली तर केव्हा थांबवायची, हे सगळे नाकारण्याचा अधिकार तुमचा आहे आणि तो वापरण्यासाठी कोणाच्या दयेची गरज नाही.

एवढे होऊनही तुम्ही म्हणू शकता की मला गुंगीत आठवडाभर पडून जायचे नाही, मला जागेपणी, निरोप घेऊन जायचे आहे. यावर मी पुष्कळ वर्षे ‘आम्ही तुमची वेदना घालवू’ असे उत्तर देत असे, आणि ते विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात १९९७ पासून असा कायदा अमलात आहे. सहा महिन्यांच्या आत मृत्यू अपेक्षित असलेल्या सज्ञान रुग्णाला दोन डॉक्टरांच्या खातरजमेनंतर औषध लिहून दिले जाते आणि ते त्याला स्वतःच घ्यावे लागते. तिथे दरवर्षी कारणांची नोंद होते. वेदना किंवा वेदनेची धास्ती हे कारण दहांतल्या साधारण तिघांच्या बाबतीत नोंदले जाते, तर स्वतःच्या जगण्यावरचा ताबा सुटणे हे कारण दहांतल्या जवळजवळ नऊ जणांच्या. म्हणजे ही मागणी करणारे लोक बहुतांशी तुमच्यासारखे असतात, आणि माझ्या औषधांनी त्यांचा मूळ प्रश्न सुटत नाही. त्याच नोंदींत आणखी एक गोष्ट दिसते. औषध लिहून घेणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक ते कधी घेतच नाहीत. ते हाताशी आहे एवढ्यानेच काही जणांना पुढचे आठवडे जगण्याचा धीर येतो, असे मी मानतो.

तोंडाच्या कर्करोगाची माझी एक रुग्ण होती. जखम नियमित धुतली जात होती, दुर्गंधी आटोक्यात होती, वेदना दहांत दोनवर आली होती, मुले जवळ होती. तिच्यासाठी करायचे काही राहून गेले होते असे मला आजही वाटत नाही. ती पाटीवर लिहून बोलत असे. सलग पाच आठवडे, दर भेटीत, सकाळी आणि संध्याकाळी, तिने एकच वाक्य लिहिले: ‘माझे झाले आहे.’ त्या तीन शब्दांत नैराश्य शोधण्याचा मी प्रयत्न केला, मनोविकारतज्ज्ञांना बोलावले, त्यांनाही ते सापडले नाही. मी तिला नकार दिला आणि ती आणखी सोळा दिवस जगली. तो नकार कायद्याने बरोबर होता. तो नैतिकदृष्ट्या आपोआप बरोबर ठरतो असे मला तेव्हापासून म्हणवत नाही.

तुमचा जीव तुमचा आहे हे मला मान्य आहे, पण त्यातून दुसऱ्याने तो संपवण्यास मदत केलीच पाहिजे असे निघत नाही, आणि समाजाने ती मदत कोणत्या अटींवर होऊ द्यावी हा प्रश्न तुमच्यापुरता राहत नाही. माझे मत विचाराल तर मृत्यू जवळ आलेल्या, शुद्ध बुद्धीच्या, संपूर्ण उपशामक शुश्रूषा खरोखर मिळालेल्या आणि वारंवार तेच सांगणाऱ्या माणसाला, स्वतःच्या हाताने घेण्याचे औषध मिळू देणारा अरुंद कायदा मला अनैतिक वाटत नाही. ‘स्वतःच्या हाताने’ ही माझी अट तुमच्यासारख्या, हात गेलेल्या माणसावर अन्याय करते, हे मला दिसते. तो अन्याय कसा टाळावा याचे समाधानकारक उत्तर माझ्यापाशी नाही, आणि तुम्हाला खोटे समाधान देणे मला शक्य नाही.

प्रश्न: आज मरणासन्नांना, उद्या अपंगांना, परवा वृद्धांना. एकदा दार उघडले की ते कुठे थांबणार?

उत्तर: ही भीती काल्पनिक नाही. कॅनडाने २०१६ साली कायदा केला तेव्हा मृत्यू नजीकच्या भविष्यात अपेक्षित असणे ही अट होती. २०२१ मध्ये ती गेली आणि असाध्य आजार असलेल्या, पण मरणासन्न नसलेल्या लोकांनाही तो मार्ग खुला झाला; २०२३ साली तिथल्या एकूण मृत्यूंपैकी सुमारे ४.७ टक्के अशा प्रकारे झाले. बेल्जियमने २०१४ साली वयाची अट काढली. दुसरीकडे ओरेगॉनने सहा महिन्यांची मर्यादा पाव शतकाहून अधिक काळ तशीच राखली आहे आणि तिथे हे प्रमाण एक टक्क्याहून कमी आहे. तेव्हा घसरण अटळ आहे असे म्हणता येत नाही. मात्र ‘असह्य यातना’ हाच कायद्याचा पाया मानला, तर त्या फक्त मरणासन्नांनाच होतात असे म्हणण्याला तर्काचा आधार उरत नाही आणि पुढचे पाऊल पडतेच. म्हणूनच कायदा मृत्यूच्या जवळिकीवर उभा असावा असे मला वाटते.

पण मला खरी धास्ती वाटते ती वेगळ्याच घसरणीची, आणि तिला कायद्यात दुरुस्ती लागत नाही. ओरेगॉनच्याच नोंदींत जवळजवळ निम्म्या लोकांच्या बाबतीत ‘कुटुंबावर ओझे होण्याची चिंता’ हेही कारण दिसते. पर्याय कायदेशीर झाला की जगत राहणे हीसुद्धा निवड बनते, आणि निवडीचे कारण द्यावे लागते. आजवर ज्या म्हाताऱ्या बाईला ‘तू अजून का आहेस?’ असे कोणी विचारू शकत नव्हते, तिला ते उघडपणे कोणी विचारणार नाहीच, पण औषधांच्या बिलाकडे पाहून ती स्वतःला विचारू लागेल. दोन डॉक्टर आणि दोन साक्षीदार धमकीचा दबाव ओळखू शकतात. मुलाच्या थकलेल्या चेहऱ्याचा दबाव त्यांना ओळखता येत नाही, कारण तो मुलाने घातलेलाच नसतो. ज्या समाजात शुश्रूषेचा सगळा भार घरातल्या एकट्यादुकट्या बाईवर टाकलेला आहे, वेदनाशामक औषध मिळणे दुरापास्त आहे आणि आजार घराला कर्जात बुडवतो, तिथे हा कायदा आधी आणि शुश्रूषा नंतर असा क्रम लागला तर त्याला मी स्वातंत्र्य म्हणणार नाही. माझ्या मताला जी अट मी वर घातली, ‘संपूर्ण उपशामक शुश्रूषा खरोखर मिळालेल्या’, ती शोभेसाठी नाही. ती पाळायची तर आज जगातल्या बहुतेक रुग्णांच्या बाबतीत हा प्रश्न विचारण्याची वेळच आलेली नाही.

प्रश्न: मी पदव्युत्तर शिक्षण घेणारी डॉक्टर आहे. ‘सहा महिने’ आम्ही सांगायचे कसे? आणि उद्या कायदा झाला तर मला हे करावेच लागेल का?

उत्तर: अचूक सांगता येत नाही. शिकागो येथील हॉस्पिस रुग्णांवर झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॉक्टरांचे अंदाज पाचांपैकी एकाच वेळी जवळपास बरोबर निघाले, आणि चुकले तेव्हा बहुधा आयुष्य जास्त सांगितले गेले. रुग्णाला जितकी चांगली ओळखत असाल तितकी अंदाज चुकण्याची शक्यता वाढते, हे त्यातले निरीक्षण मला माझ्याच अनुभवावरून पटले. करावेच लागेल का, तर असे कायदे करणाऱ्या देशांत डॉक्टरांना सामान्यतः नकाराची मुभा दिलेली आहे आणि ती असलीच पाहिजे. मी स्वतः ते इंजेक्शन देणार नाही. पण नकार दिल्यावर रुग्णाकडे पाठ फिरवण्याची मुभा त्यात येत नाही. दुसऱ्या दिवशीच्या फेरीत त्याच खाटेपाशी आधी जाऊन बसावे.

प्रश्न: माझे पती एकवीस दिवस व्हेंटिलेटरवर होते. मूत्रपिंडे गेली होती, मेंदूत रक्तस्राव झाला होता. डॉक्टरांनी सगळे समजावून सांगितले आणि मी कागदावर सही केली. नळी काढल्यावर ते चाळीस मिनिटांत गेले. तेवढा वेळ मी त्यांच्या कपाळावर हात ठेवून होते. आठ महिने झाले. माझे दीर म्हणतात की तुम्ही घाई केलीत. मी त्यांना मारले का?

उत्तर: नाही.

तुमचे पती मेंदूतल्या रक्तस्रावाने आणि त्यानंतर एकामागून एक निकामी होत गेलेल्या अवयवांनी गेले. यंत्राने तो शेवट एकवीस दिवस लांबवला होता, त्या दिवसांत सुधारणेला पुरेशी संधी दिली गेली होती, आणि ती होत नाही हे दिसल्यावर तुम्ही आणखी लांबवण्यास नकार दिलात. त्या सहीने आजाराला काही नवे सामर्थ्य मिळाले नाही. तुम्ही सही केली नसती तरी ते गेलेच असते, बहुधा त्याच आठवड्यात, छातीवर दाब देणाऱ्या अनोळखी हातांखाली, आणि तुम्हाला तेव्हा दाराबाहेर उभे केलेले असते. चाळीस मिनिटे तुमचा हात त्यांच्या कपाळावर होता, तो त्या सहीमुळे.

तुमच्या दिरांनी भाऊ गमावला आहे, आणि ज्याच्यावर राग धरता येईल असे कोणी समोर असले की दुःख सोसायला सोपे जाते. त्यांच्याशी वाद घालू नका. ज्या डॉक्टरांनी उपचार केले त्यांच्याकडे तासाभराची वेळ मागा, दिरांना बरोबर न्या, आणि त्या एकवीस दिवसांचे कागद पहिल्या दिवसापासून क्रमाने दोघांनी मिळून समजून घ्या: कोणत्या दिवशी काय करून पाहिले, कशाला प्रतिसाद मिळाला नाही, आणि तुम्हाला विचारण्याआधी डॉक्टरांनी आपसांत काय ठरवले होते. अशी भेट मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे. ती मागणे जड जात असेल तर मासिकाच्या पत्त्यावर मला कळवा. त्या डॉक्टरांशी मी स्वतः बोलेन, आणि दोघांची हरकत नसेल तर त्या वेळी तुमच्याबरोबर बसेन.